रेडिओचा रोग दाखविणारी नळी : प्रोफेसर फर्डिनंड ब्राउन यांचें चरित्र

आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरीं आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ अद्याप जपून ठेविलेला असेल. असा रेडिओ एकाएकीं मुका झाला म्हणजे घरांत केवढी हळहळ होते, हें त्यांस सांगावयास नको. दिवा लागतो, व्हॉल्व्हमधील तारा मंद तांबूस दिसतात, परंतु कर्ण्यांतून एक तर कांहींच उमटत नाहीं, किंवा नुसती घरघर ऐकूं येते. अशा वेळीं उतावळा मनुष्य एकामागून एक भाग बदलीत सुटतो, आणि धन्याचा पैसा व आपला वेळ दोन्ही दवडतो. जाणता कारागीर तसें करीत नाहीं. वैद्य जसा प्रथम नाडी पाहतो, तसा तो रेडिओच्या एकेका भागाची नाडी पाहतो. आणि त्या कामीं त्याच्या मेजावर एक विलक्षण यंत्र असतें. त्याच्या वाटोळ्या कांचेवर एक हिरवी रेघ चमकत असते, आणि रेडिओच्या पोटांत जें कांहीं चाललें असेल त्याचें चित्र ती रेघ काढून दाखविते. या यंत्रास ऑसिलोस्कोप म्हणतात. जुन्या ऑसिलोस्कोपचें हृदय म्हणजे आंतील कांचेची निर्वात नळी. ती नळी ज्या पुरुषानें प्रथम बनविली, त्या प्रोफेसर कार्ल फर्डिनंड ब्राउन यांचें अल्प चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ब्राउन यांचा जन्म ता. ६ जून १८५० रोजीं जर्मनींतील हेसे प्रांताच्या फुल्डा या गांवीं झाला. त्यांचे वडील न्यायकचेरींत नोकरीस होते. घर खाऊन पिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हे. गांवच्याच शाळेंत शिक्षण पुरें करून १८६८ सालीं ते मारबुर्ग येथील विश्वविद्यालयांत दाखल झाले, आणि तेथून पुढें बर्लिनला गेले. १८७२ सालीं त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. तिच्यासाठीं त्यांनीं निवडलेला विषय ताणलेल्या तारांच्या कंपनाचा होता. सतारीची तार छेडली असतां ती कशी थरथरते, हें आपण डोळ्यांनीं पाहूं शकतों. विजेची थरथर मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. ती दिसूं लागावी असा उपाय याच तरुणाच्या हातून पुढें पंचवीस वर्षांनीं व्हावयाचा होता.

पदवी मिळाल्यावर ब्राउन हे वुर्झबुर्ग येथें प्रोफेसर क्विंके यांचे साहाय्यक झाले. परंतु साहाय्यकाचा पगार तो केवढा! पोटाची सोय व्हावी म्हणून त्यांनीं शिक्षकाची सरकारी परीक्षा दिली, आणि १८७४ सालीं लाइप्झिग शहरांतील सेंट टॉमस शाळेंत ते शिक्षक झाले. याच शाळेंत पूर्वीं योहान सेबास्टियन बाख या थोर संगीतकारानें मुलांना गायन शिकविलें होतें. ब्राउन यांनीं त्या काळांत तरुण वाचकांसाठीं गणित व सृष्टिशास्त्र यांची गोडी लावणारें एक पुस्तकही लिहिलें. विश्वविद्यालय सोडून शाळेंत यावें लागलें म्हणून ते खिन्न होऊन बसले नाहींत, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. कारण त्यांच्या आयुष्यांतील पहिला मोठा शोध याच काळचा आहे.

त्या काळीं शास्त्रज्ञांची अशी समजूत होती कीं, जो पदार्थ विजेस वाट देतो तो दोन्ही दिशांनीं सारखीच वाट देतो. ब्राउन यांनीं गॅलेना नांवाच्या शिशाच्या खनिजाचा स्फटिक घेतला, त्याच्या अंगास धातूच्या तारेचें टोंक टेंकविलें, आणि त्यांतून विद्युत्प्रवाह सोडला. तेव्हां त्यांना असें आढळलें कीं, एका दिशेनें प्रवाह सहज वाहतो, पण उलट दिशेनें त्यास अडथळा होतो. पाण्याच्या पंपांतील झडप जसें पाणी एकाच बाजूस जाऊं देते, तशी ही विजेची झडप होती. १८७४ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. तो कोणत्या कामास येईल, हें तेव्हां कोणासही ठाऊक नव्हतें.

पुढें पंचवीसांहून अधिक वर्षें लोटल्यावर या झडपेचें चीज झालें. बिनतारी लहरी ओळखून काढण्यास असाच स्फटिक उत्तम, असें दिसून आलें. येथें आपल्या देशाचाही संबंध पोहोंचतो. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास गॅलेनाच्या स्फटिकावर स्वतंत्रपणें प्रयोग केले होते, आणि अशा स्फटिकाच्या लहरीशोधकाचें अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ सालीं मिळालें. १९२७ सालच्या जुलै महिन्यांत मुंबईस नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां व्हॉल्व्हचें महाग यंत्र ज्यांस परवडत नसे, त्यांस केंद्राच्या जवळपास राहून स्फटिकाच्या साध्या यंत्रावर गाणें ऐकणें शक्य होतें. त्या चिमुकल्या स्फटिकांतील गुण प्रथम पाहणारा मनुष्य म्हणजे लाइप्झिगचा हा शाळामास्तर होय.

शाळेंतून ब्राउन पुनः विश्वविद्यालयाकडे वळले. १८७७ सालीं मारबुर्ग, १८८० सालीं स्ट्रासबुर्ग, १८८३ सालीं कार्ल्सरुहे आणि १८८५ सालीं ट्युबिंगेन अशा क्रमानें ते प्रोफेसरकीच्या पायऱ्या चढत गेले. ट्युबिंगेन येथें पदार्थविज्ञानाची नवी संस्था उभारण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. याच सुमारास त्यांचा विवाह झाला. त्यांस दोन मुलगे व दोन मुली झाल्या. विजेचा दाब मोजण्याचें त्यांचें साधें विद्युन्मापक यंत्र पुढें अनेक शाळांच्या प्रयोगशालांतून वापरांत आलें. अखेर १८९५ सालीं ते स्ट्रासबुर्ग येथील पदार्थविज्ञान संस्थेचे मुख्य झाले, आणि तेथेंच त्यांचें नांव अजरामर करणारें कार्य घडलें.

त्या वेळीं युरोपांतील शहरांत विजेचे दिवे लागूं लागले होते. कांहीं ठिकाणचा प्रवाह उलटसुलट वाहणारा असे. म्हणजे एका सेकंदांत अनेक वेळां तो पुढें जाई आणि तितक्याच वेळां मागें येई. तो एकसारखा चढतो कीं मध्येंच धक्का खातो, त्याच्या लाटेचा आकार कसा आहे, हें पाहण्याची इंजिनिअरांस गरज होती. परंतु मोजावें कशानें? मापकाचा कांटा लोखंडाचा वा पितळेचा. त्यास वजन असतें. तो एका बाजूस वळूं लागतो न लागतो तोंच प्रवाह उलट फिरतो, आणि बिचारा कांटा जागच्या जागीं थरथरत राहतो. ज्यास जवळजवळ वजनच नाहीं असा कांटा कोठून आणावा, हा प्रश्न ब्राउन यांच्यापुढें होता.

उत्तर कांचेच्या नळींत सांपडलें. नळींतील हवा काढून घेऊन तींतून मोठ्या दाबाची वीज सोडली, म्हणजे ऋणध्रुवाकडून एक प्रकारचे किरण निघतात, हें पूर्वींच माहीत झालें होतें. अशाच नळीवर प्रयोग करीत असतां राँटगेन यांस १८९५ सालीं क्षकिरण सांपडले. हे ऋणध्रुवाचे किरण म्हणजे विजेच्या अत्यंत सूक्ष्म कणांचा झोत होय, हें केंब्रिज येथें जे. जे. टॉमसन यांनीं १८९७ सालीं दाखवून दिलें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यांत ब्राउन यांनीं आपल्या नळीचें वर्णन छापलें. बॉन शहरींच्या फ्रान्झ म्युलर या कुशल कांचकामगारानें ती त्यांना तयार करून दिली होती. तिची रचना अशी : एका टोंकास ऋणध्रुव, मध्यें बारीक छिद्र असलेला पडदा, कीं ज्यामुळें किरणांचा एक बारीक झोत तेवढा पुढें जावा, आणि दुसऱ्या टोंकास अभ्रकाचा तुकडा, त्यावर किरण पडतांच उजळणाऱ्या द्रव्याचा लेप. झोत लेपावर पडला कीं तेथें प्रकाशाचा एक ठिपका दिसे. नळीच्या गळ्याजवळ तारेचें वेटोळें ठेवून त्यांतून तपासावयाचा प्रवाह सोडला, म्हणजे वेटोळ्याच्या चुंबकशक्तीनें झोत वाके व ठिपका वर-खालीं धांवे. ब्राउन यांस हवा असलेला वजनरहित कांटा तो हाच.

परंतु ठिपका नुसता वर-खालीं धांवला तर एक उभी रेघ तेवढी दिसणार. लाटेचा आकार कसा कळावा? यासाठीं ब्राउन यांनीं ठिपक्यासमोर एक फिरता आरसा ठेविला. आरसा फिरूं लागतांच ती उभी रेघ आडवी पसरली, आणि स्ट्रासबुर्गच्या वीजघरांतून येणाऱ्या प्रवाहाची लाट पाण्यावरील लाटेप्रमाणें डोळ्यांपुढें उभी राहिली. १८९९ सालीं त्यांचे साहाय्यक योनाथान झेनेक यांनीं आरसा काढून टाकला व ठिपक्यास आडव्या दिशेनेंही विजेच्याच बळानें सरकविण्याची युक्ति योजिली. येथून ऑसिलोस्कोपची खरी घडण झाली.

आतां जी गोष्ट आम्हांस विशेष सांगावयाची आहे ती ही कीं, या नळीवर ब्राउन यांनीं पेटंट घेतलें नाहीं. नळी कशी करावी, तिनें काय दिसतें, हें सर्व त्यांनीं छापून मोकळें केलें. ज्यास हवी त्यानें ती करावी, सुधारावी व वापरावी. मिळालेली ठेव जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. या प्रोफेसरानें आपली ठेव पुरली नाहीं. बाजारांत व्यवहारास लावली, आणि तिचें व्याज सर्व जगास मिळालें.

पुढच्याच वर्षीं, १८९८ सालीं, ब्राउन बिनतारी संदेशाच्या कामाकडे वळले. मार्कोनी यांचें यंत्र तेव्हां नुकतेंच गाजूं लागलें होतें, पण त्याची धांव वाढविणें कठीण जात होतें. कारण ठिणगी पाडण्याचें साधन खुद्द आकाशतारेंतच जोडलेलें असे. त्यामुळें आंदोलनें क्षणांत विझून जात, आणि अधिक शक्ति घातली तरी ती फुकट जाई. ब्राउन यांनीं ठिणगी आकाशतारेंतून काढून एका वेगळ्या बंद मंडलांत ठेविली, आणि त्या मंडलांतील आंदोलनें दोन वेटोळ्यांच्या साहाय्यानें आकाशतारेस पोहोंचविलीं. मोटेचें पाणी एकदम शेतांत ओततां तर सैरावैरा वाहून जाईल. म्हणून तें प्रथम थारोळ्यांत घेतात व तेथून पाटानें शिस्तीनें नेतात. ब्राउन यांचें बंद मंडल म्हणजे विजेचें थारोळेंच होतें. या युक्तीनें अधिक शक्ति पाठवितां येऊं लागली, आणि ठरावीक लहरीवर सूर जुळविणेंही सोपें झालें. १९०० सालीं कुक्सहाफन बंदर व हेल्गोलँड बेट यांच्या दरम्यान, सुमारें ६२ किलोमीटर समुद्रावरून, या पद्धतीनें संदेश गेले.

बिनतारी यंत्राच्या शोधांवर मात्र ब्राउन यांनीं पेटंटें घेतलीं, कारण त्या कामास भांडवलदारांच्या कंपन्या लागत. १९०३ सालीं जर्मनींतील दोन प्रतिस्पर्धी पक्ष एकत्र येऊन टेलिफुंकेन कंपनी निघाली. त्यांत ब्राउन यांच्या पद्धतीचाही वांटा होता. १९०९ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मार्कोनी व ब्राउन यांना बिनतारी तारायंत्राच्या कामगिरीबद्दल मिळून देण्यांत आलें. ज्यांच्या कंपन्या बाजारांत व कोर्टांत एकमेकींशीं झगडत होत्या, ते दोघे शोधक त्या वर्षीं स्टॉकहोम येथें एकाच सन्मानाचे वांटेकरी झाले. पारितोषिक बिनतारी यंत्राकरितां होतें, नळीकरितां नव्हे, हेंही येथें नमूद करण्यासारखें आहे.

यानंतरचा भाग दुःखाचा आहे. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें. समुद्राखालून अमेरिकेकडे जाणाऱ्या जर्मनीच्या तारा इंग्रजांनीं तोडून टाकल्या, आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर सेव्हिल येथें असलेलें बिनतारी केंद्र जर्मनीच्या दृष्टीनें फार मोलाचें होऊन बसलें. तें बंद पडावें म्हणून पेटंटाच्या मुद्द्यावर तेथील कोर्टांत दावा चालला होता. त्यांत साक्ष देण्यासाठीं चौसष्ट वर्षांचे ब्राउन, प्रकृति बरी नसतांही, १९१४ सालच्या अखेरीस झेनेक यांच्यासह अमेरिकेस निघाले. आजार व युद्ध यांमुळें त्यांस परततां येईना. १९१७ सालीं अमेरिकाच जर्मनीविरुद्ध युद्धांत उतरली, तेव्हां घरची वाट पुरतीच बंद झाली. आपल्या मुलाच्या आश्रयास, ब्रुकलिन येथें, शत्रु ठरलेल्या देशांत, ता. २० एप्रिल १९१८ रोजीं त्यांचा अंत झाला. युद्ध त्यानंतर सात महिन्यांच्या आंतच थांबलें. त्यांच्या अस्थि पुढें फुल्डा या जन्मगांवीं नेण्यांत आल्या. ज्या स्ट्रासबुर्गमध्यें त्यांनीं नळी बनविली, तें शहर तोंपर्यंत फ्रान्सकडे गेलें होतें.

ज्या शोधावर त्यांनीं हक्क सांगितला, त्याच्या वादापायीं त्यांस परदेशीं देह ठेवावा लागला. आणि ज्या शोधावर त्यांनीं कोणताच हक्क ठेविला नाहीं, तो निर्वेधपणें देशोदेशीं पसरत राहिला. पेटंट घेणें हा कांहीं गुन्हा नव्हे. श्रमाचें मोल घेण्यांत दोष नाहीं. तरी या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे मनुष्य क्षणभर विचारांत पडतो. ब्राउन यांच्या हयातींतच वेनेल्ट या शास्त्रज्ञानें तापवून किरण सोडणारा ऋणध्रुव काढला, आणि पुढें त्याच्या योगानें नळी कमी दाबावर चालूं लागली. १९२२ च्या सुमारास अमेरिकेंत जे. बी. जॉन्सन यांनीं कांहीं शें व्होल्टांवर चालणारी सुटसुटीत नळी तयार केली. त्याच वंशांत दूरदर्शनची चित्रनळी जन्मली, व विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती घरोघरीं नांदली. आतां चपट्या पडद्यांनीं तिची जागा घेतली आहे. तरी जपानी भाषेंत तिला ब्राउन यांच्या नांवावरून ब्राउनकान असें नांव पडलें, तें पुसलें गेलें नाहीं.

आतां पुनः त्या मुक्या रेडिओकडे वळूं. रेडिओ म्हणजे एकापुढें एक ओळीनें बसलेल्या कामगारांची मालिकाच. पहिला आकाशतारेवरील अनेक लहरींतून एक निवडतो. दुसरा तिची कंपनसंख्या बदलून ठरावीक करतो, ती बहुधा ४५५ ते ४७० किलोसायकल असते. तिसरा ती वाढवितो. चौथा तींतून आवाज वेगळा काढतो. पांचवा व सहावा आवाजास बळ देऊन कर्ण्याकडे धाडतात. कारागीर सिग्नल जनरेटर नांवाच्या यंत्रांतून ओळखीची एक लहर आरंभीं सोडतो, आणि ऑसिलोस्कोपची तार प्रथम मालिकेच्या मध्यावर लावतो. तेथें लाट नीट दिसली तर बिघाड पुढच्या अर्ध्यांत, न दिसली तर मागच्या अर्ध्यांत. मग त्या अर्ध्याचे पुनः दोन भाग. अशा रीतीनें दोन-तीन परीक्षांत दोषाचें घर सांपडतें. लाटेचा एक माथा कापल्यासारखा दिसला, तर शेवटच्या व्हॉल्व्हकडे जाणारा कंडेन्सर गळका झाला असण्याचा संभव असतो. वीज पुरविणाऱ्या भागांत जेथें सरळ रेघ असावयाची तेथें सेकंदास शंभर वेळां चढउतार होत असला, तर घरघरीचें कारण बहुधा सुकलेला फिल्टर कंडेन्सर होय. मात्र आमच्या बालवाचकांस इशारा द्यावयास हवा : अशा रेडिओंत अडीचशें व्होल्ट वा त्याहूनही अधिक दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्यें कांहीं काळ टिकतो. यास्तव जाणत्या माणसावांचून त्याच्या पोटांत हात घालूं नये.

असो. ब्राउन यांच्या चरित्रांतून आम्हांस जो बोध घ्यावासा वाटतो तो एवढाच. अंदाजानें दोष देत सुटण्यापेक्षां, खरें काय घडत आहे तें आधीं डोळ्यांनीं पाहण्याचें साधन शोधावें. रेडिओच्या बाबतींत हें खरें आहे, तसेंच आपल्या स्वभावाच्या व शेजारधर्माच्या बाबतींतही खरें आहे. दुसरें असें कीं, मुलांना गणित शिकविणारा एक साधा शिक्षक फावल्या वेळीं एक स्फटिक व एक तार घेऊन बसतो, आणि त्याचें फळ तीस वर्षांनीं, तीन देशांपलीकडे, कोणाच्या तरी हातीं लागतें. म्हणून आमच्या प्रयोगशालेच्या मेजाशीं उभ्या राहणाऱ्या मुलामुलींनीं आपला लहानसा प्रयोग क्षुद्र मानूं नये, व जें दिसलें तें प्रामाणिकपणें लिहून ठेवावें. आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मूल एखादें जुनें यंत्र उघडून त्याच्यापुढें विचार करीत बसलें, तर त्यास लागलींच रागें भरूं नये. शेजारीं बसून, काय दिसलें, हें आधीं विचारावें.